म्हातारपणाची किंमत, रोजचे पन्नास रुपये

पुण्याच्या मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणारा हमाल आणि चार घरची धुणीभांडी करणारी मोलकरीण, दोघांचीही हाडं साठीआधीच बोलू लागतात. फरक पडतो तो काम सुटल्यावर. हमालाचं नाव माथाडी मंडळाच्या दप्तरात असतं.

ते असण्यामागे १९६९ चा माथाडी कायदा आहे. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्याचा मालक कोण हेच ठरत नसे. कायद्याने हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंद सक्तीची केली. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही द्यायची. या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाण्याची सोय झाली. मालक पन्नास असोत, म्हातारपणाची तजवीज एका खात्यात होऊ लागली.

मालक तर मोलकरणीलाही अनेक असतात. तिच्यासाठी २००८ चा कायदा आहे, मंडळही आहे, पण घरमालकांकडून लेव्ही नाही. पंचावन्न पूर्ण झालेल्या नोंदीत बाईला १०,००० रुपये सन्मानधन, तेही एकदाच. मग साठी उलटली तरी ती सकाळी सहाला दुसऱ्याच्या मोरीत उकिडवी बसलेली असते. अशा बाईला हौसेने ‘अजून खंबीर आहे’ म्हणणाऱ्यांनी तिची भाजीची पिशवी एकदा बघावी.

उरते राज्याची वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना. वय ६५ हवं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. भांडी घासूनही याहून जास्त मिळतात! खरं उत्पन्न सांगितलं तर पगार नाही, आणि ‘पगार’ हाच या मदतीसाठी गावोगावचा शब्द. म्हणून दाखल्यावर आकडा बसवून घ्यावा लागतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. हाती येतात महिन्याला १,५००. २०२३ पूर्वी १,००० होते. साबणाने झिजलेला अंगठा मशीनवर उमटला नाही, तर बँकेत दुसरी खेप. ६० ते ७९ वयाच्या, दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. २००७ पासून तो तेवढाच राहिला.

रीतसर नोकरी केलेलेही फार सुखात नाहीत. कर्मचारी पेन्शन योजनेतलं किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरलं. ते ७,५०० व्हावं म्हणून बुलढाण्यात पेन्शनर २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषणाला बसले.

माथाडींच्या लढ्यातले बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांनी २०१२ मध्ये पेन्शन परिषदेतून मागणी मांडली: आयकर भरणारे वगळून प्रत्येक वृद्धाला किमान वेतनाच्या निम्मं पेन्शन. त्यात कुणी किती गरीब हे तलाठ्याकडून लिहून आणण्याची गरजच उरत नाही. वय सिद्ध झालं की पुरे.