तारीख हुकली? आधी हे वाचा!

सबमिशनची तारीख हुकली की तुम्ही काय करता? सरांच्या केबिनबाहेर ताटकळता, थोडी गयावया करता, लेट फी भरता आणि सुटता. अपिलाचं मात्र तसं नसतं. तिथे मुदत टळली की तुमची बाजू कितीही खरी असो, ती ऐकून घेण्याआधीच अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

समजा, तुमच्या वर्गातल्या मैत्रिणीला मेडिकल बोर्डानं ३८ टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दिलं. कायद्याची रेघ आहे ४० टक्क्यांवर. दोनच टक्के तर कमी, असं वाटेल. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या किमान ५ टक्के राखीव जागा, प्रवेशासाठी वयात ५ वर्षांची सूट, सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, हे सगळं त्या रेघेच्या पलीकडे आहे.

या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं. मुदत ९० दिवस, तीही निर्णयाच्या तारखेपासून. कागद गावच्या पत्त्यावर गेला, तुम्ही हॉस्टेलवर, मध्येच परीक्षा आल्या... तीन महिने कधी उडून जातात कळतही नाही. आणि ज्याला दिसत नाही, त्याला ते पत्र वाचून दाखवणारं कुणी भेटेपर्यंतच काही दिवस गेलेले असतात!

दिवस कसे मोजायचे?

प्रकरण हायकोर्टात गेलं आणि एका न्यायमूर्तींचा निकाल विरोधात लागला, तर त्याच कोर्टात दोन न्यायमूर्तींपुढे अपिलाला साधारण ३० दिवस मिळतात. हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात जायला ९० दिवस. निकालाचा दिवस यात धरत नाहीत. निकालाची नक्कल मिळवायला लागलेला वेळही वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं.

हुकलीच तर?

१९६३च्या मुदत कायद्याचं कलम ५ लक्षात ठेवा. पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा. मुद्दाम उशीर करून कुणाचा फायदा होत नाही, म्हणून अशा अर्जांकडे उदारपणे पाहावं, असं सुप्रीम कोर्टानं १९८७मध्येच सांगितलंय. पण थाप चालत नाही. २०१२मध्ये टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर याच कोर्टानं माफ केला नाही. फाईल टेबलाटेबलांवर फिरत होती, हे कारण सरकारलाही पुरलं नाही. तेव्हा ॲडमिट होतात तर डिस्चार्ज कार्ड जोडा, पत्र उशिरा आलं तर पाकीट जपून ठेवा. त्यावरचा टपालाचा शिक्का हा पुरावा असतो.

वकिलाचे पैसे?

दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

निर्णय हातात पडला की त्याच दिवशी मोबाईलमध्ये दोन रिमाइंडर लावा. एक पुढच्या आठवड्याचा, वकील गाठण्यासाठी. दुसरा मुदतीच्या पंधरा दिवस आधीचा. मित्राला ते जमत नसेल, तर त्याच्यासाठी तुम्ही लावा. एवढ्यानंही एखाद्याची सीट वाचू शकते.