विजेवाचून एक घर

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव मोठ्या महामार्गावर वसलेले आहे. मालमोटारींची वर्दळ तेथे रात्रंदिवस चालू असते. घरात विजेचे दिवे आहेत, तरुणांच्या हाती भ्रमणध्वनी आहेत. तरीही अशा गावातील एखादी आजी मिरच्यांचा ठेचा खलबत्त्यातच कुटते; शेजारी ठेवलेल्या मिक्सरला हात म्हणून लावीत नाही. एखादे आजोबा खिशात भ्रमणध्वनी बाळगण्यास साफ नकार देतात. घरातील मुलांना याचे हसू येते. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ज्याला एखादी वस्तू मिळतच नाही, तो तिच्यावाचून राहतो ते नाइलाजाने. ज्याला ती सहज मिळू शकते आणि तरीही जो ती घेत नाही, त्याने मात्र विचारपूर्वक निवड केलेली असते.

अशी निवड आयुष्यभर निभावणाऱ्या एक विदुषी पुण्यात होऊन गेल्या. त्यांचे नाव डॉ. हेमा साने. १९४० साली जन्मलेल्या हेमाताई वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले, वनस्पती व निसर्ग यांविषयी पुष्कळ ग्रंथलेखन केले. बुधवार पेठेसारख्या गजबजलेल्या वस्तीत, झाडांच्या गर्दीत त्यांचे जुने घर होते. चहूकडे विजेचा लखलखाट. या घरात मात्र विजेची तारच आली नाही. पंखा नाही, शीतकपाट नाही. लेखन-वाचन करावयाचे ते दिवसाच्या उजेडात, आणि अंधार पडल्यावर दिव्याच्या मंद प्रकाशात. सोबतीला कुत्रा, मांजरे आणि झाडांवर येणारी असंख्य पाखरे. अन्न, वस्त्र व निवारा या माणसाच्या मूळ गरजा; वीज ही मागाहून आलेली सोय, अशी त्यांची धारणा होती. लोक त्यांना वेडे ठरवीत, पण त्याची त्यांनी कधी खंत बाळगली नाही. २०२५ साली त्यांचे निधन झाले.

या वागण्यामागे केवळ हट्ट होता असे नव्हे. आपण कळ दाबतो आणि दिवा लागतो. तो दिवा आपल्याला स्वच्छ दिसतो. पण महाराष्ट्रातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून निर्माण होते. धूर आणि राख तिकडे पडते, उजेड इकडे पडतो. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या व्यक्तीला ही गोष्ट दृष्टिआड करणे कठीणच!

तथापि प्रत्येक नकार सारखाच थोर मानता येत नाही. पूर्वी घरातील स्त्रिया पहाटे उठून जात्यावर दळण दळीत. त्यांना गावात आलेली पिठाची गिरणी वरदानच वाटली असेल. घरातील कर्त्या पुरुषाने गिरणी नको म्हणावे आणि दळण मात्र सुनेने दळावे, याला संयम कोण म्हणेल? हेमाताईंनी नाकारलेल्या सोयीची झळ त्यांनी स्वतःच सोसली; दुसऱ्याच्या माथी ती मारली नाही.

महात्मा गांधींच्या आयुष्यात हा प्रश्न वारंवार उभा राहिला. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात त्यांनी आगगाडी, यंत्रे व इस्पितळे यांच्यावर कठोर टीका केली होती. आगगाडीवरील त्यांच्या रोषाचे एक कारण वऱ्हाडातील माणसाला चटकन उमगेल. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला तो मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी. इकडचा कापूस परदेशी जाई आणि त्याचेच कापड होऊन येथे विकावयास येई. गावचा चरखा मात्र थांबे.

पुढे १९२४ साली तुरुंगात असताना गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार जडला आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांनी इस्पितळांना दोष दिला, तेच इस्पितळात जाऊन निजले. योगायोग असा, की त्या रात्री वादळाने विजेचे दिवे गेले आणि उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पार पाडण्यात आली.

त्याच वर्षी एका तरुणाने त्यांना विचारले, की आपला सर्वच यंत्रांना विरोध आहे काय? आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. शरीर हेही एक नाजूक यंत्रच, असे ते म्हणत. शिवणयंत्राला तर त्यांनी खास सूट दिली, कारण पत्नीचे कष्ट पाहून एका माणसाने ते प्रेमाने घडविले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या कमरेला घड्याळ सदैव लटकलेले असे. १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीसही जाहीर झाले होते. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात, मातीच्या भिंतींच्या त्या साध्या घरांत, पुढे दूरध्वनीही आला. तो आजही तेथे पाहावयास मिळतो.