जुन्या नाशकातले वाडे पावसाळ्यातच का कोसळतात? आधी वाड्याचा सांगाडा समजून घ्या

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नाशिक महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा धाडते. भद्रकाली, पंचवटी, सराफ बाजार, रविवार कारंजा, नावं तीच. मग जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस झड लागते आणि बातमी येते: वाड्याची भिंत कोसळली. बातमीखाली कमेंटही ठरलेली, "मातीच्या भिंती, दुसरं काय होणार?"

पण यातल्या कित्येक वाड्यांनी याच भिंतींच्या जोरावर शंभराहून जास्त पावसाळे काढलेत. मग आताच काय बिनसलं?

तर वाड्याचं बरंचसं वजन भिंतींवर नसतंच. ते असतं लाकडी सांगाड्यावर. गोदाकाठचा सरकारवाडा आज राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. तिथे गेलात तर आधी खांबांकडे बघा. खांब थेट जमिनीत गाडत नसत. त्याच्या बुडाशी दगडी तळखडा ठेवत, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नसे. खांबाच्या माथ्यावर कुसू काढलेलं असे, म्हणजे लाकडाचाच एक कोंब. तो वरच्या तुळईच्या खाचेत घट्ट बसे. तुळयांवर जवळजवळ कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, आणि त्यावर चोपलेल्या मातीचा थर. हाच कडीपाट. खालच्या खोलीचं छत तेच, वरच्या मजल्याची जमीनही तीच.

दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. लाकडाला झेपेल तेवढंच अंतर ठेवायचं, हा हिशेब घर बांधण्याआधीच ठरलेला असे. म्हणून तर घर केवढं आहे हे खणांत सांगायची पद्धत पडली.

म्हणजे वरचं वजन कड्यांवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबातून तळखड्यावर. वाड्याच्या आतल्या भिंती मुख्यतः आडोसा करतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही हे दिसलं होतं. काही घरांच्या जाड दगडी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांनी पेललेलं माळवद जागेवर राहिलं. सांगाडा धड असेल तर भिंत पडूनही घर उभं राहू शकतं. उलटं मात्र होत नाही.

घोळ होतो तो सांगाडा भिंतीला भेटतो तिथे. तुळयांची आणि कड्यांची टोकं बाहेरच्या भिंतीत शिरलेली असतात, काही खांबही भिंतीत बुजलेले असतात. कौल फुटलं, पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरतं आणि नेमकं त्या टोकांपाशी साठतं. तिथे वारा नाही, ऊन नाही. टोक कुजतं, वाळवी लागते, आणि बाहेरून तुळई ठणठणीत दिसते!

त्यात आपल्या 'दुरुस्त्या'. माती-चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडतेही. तिला सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. कडीपाटावर फरशी बसवायची म्हणून काँक्रीट ओतलं, तर दहा बाय दहाच्या खोलीत फक्त पाच सेंटिमीटर थराचं वजन एक टनाहून जास्त भरतं. वर हजार लिटरची टाकी ठेवली की आणखी एक टन. हा भार मूळ सुताराच्या हिशेबात कुठेच नव्हता. झड लागली की जुनी मातीही पाणी पिऊन जड होते आणि कुजलेलं टोक सुटतं. म्हणून पावसाळा.

सगळ्यात वाईट दुरुस्ती म्हणजे कडीपाटाखाली पीओपीचं छत. खोली चकाचक दिसते, पण ओलीचा डाग, वाकलेली कडी, वाळवीची माती, सगळं झाकलं जातं. धोका सांगणारी एकच जागा होती, तीच बंद.

शेजारच्या वाड्याचाही यात हात असतो. जुन्या नाशकात वाडे एकमेकांना खेटून आहेत, मधली भिंत अनेकदा सामाईक. एक वाडा पाडून तिथे इमारतीचा पाया खणायला घेतला की दुसऱ्याचा बाजूचा आधार जातो. लाकडाच्या जोडांना खाली दाबणारं वजन झेपतं, कुशीतून बसणारा रेटा तितका झेपत नाही. अशा वेळी पाडकामाआधी टेकू देणं गरजेचं, पण खर्च कुणी करायचा यावरच घोडं अडतं.

राज्यात धोकादायक इमारतींचे चार वर्ग आहेत. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे राहतं ठेवून दुरुस्त करायची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. कागदावर हे सोपं आहे. पण अनेक वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आहेत. तुटपुंज्या भाड्यात मालक दुरुस्ती करत नाही आणि एकदा बाहेर पडलो तर हक्क जाईल म्हणून भाडेकरू हलत नाही. दोघांच्या भांडणात तुळईचं टोक कुजत राहतं.

वाड्यात राहणाऱ्यांनी पावसाआधी काही गोष्टी बघाव्यात. खांबाच्या बुडाशी लाकडाचा भुसा पडतोय का? कालपर्यंत लागणारं दार आज अडकतंय का? तुळई भिंतीत शिरते तिथे टोचा मारला तर तो सहज आत जातो का? जात असेल तर गिलावा करणाऱ्याला बोलवून उपयोग नाही. आधी त्या तुळईखालची खोली रिकामी करायची, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवून त्याच्या सांगण्यावरून टेकू लावायचा. आणि टेकू वरच्या मजल्यावर असेल तर त्याच्या बरोबर खाली, थेट जमिनीपर्यंत, दुसरा टेकू हवा. नाहीतर वरचा सगळा भार खालच्या कडीपाटावर येतो.