दिवा लागला म्हणून सेन्सरच दोषी?

जुन्या पेट्रोल गाडीचा इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर ‘पी ०१७१’ हा कोड आला, की अनेक गॅरेजांत पहिला बळी जातो ऑक्सिजन सेन्सरचा. कोड मात्र एवढेच सांगतो, की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. ती फाटक्या व्हॅक्यूम नळीतूनही शिरत असेल! मग नवा, महागडा सेन्सर बसवूनही दिवा पुन्हा लागतो.

जुन्या धाटणीचा झिर्कोनिया सेन्सर मल्टिमीटरने तपासता येतो. तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच नीट काम करतो, म्हणून इंजिन आधी गरम करावे. चांगल्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ दरम्यान सतत खालीवर होतो. आकडा अडून बसला, तर एखादी व्हॅक्यूम नळी क्षणभर काढावी. तो खाली यायला हवा. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर वर जायला हवा. दोन्हींना दाद दिली नाही, तर आधी वायरिंग पाहावे, मग सेन्सर बदलावा.

दुर्लक्षही परवडत नाही. खालच्या आकड्यावर अडकलेला सेन्सर इंजिनाला जादा पेट्रोल पाजत राहतो आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला वास नसतो आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे ही तपासणी शटर ओढलेल्या गॅरेजात नको, उघड्यावरच करावी.