सपाट फरशी अडवते, जिना चालवतो

मिलेहा सोनेजी ही डिझायनर. पुण्यात राहणाऱ्या तिच्या काकांना पार्किन्सन्स झाला होता. सपाट फरशीवर वॉकर धरून अडखळत चालणारे हे काका जिना मात्र सहज उतरत! मिलेहाने मग जमिनीवरच जिन्याचा भास होईल असं चित्र पसरलं, आणि काका त्यावरून सरळ चालत गेले. 2015 मध्ये एका व्याख्यानात तिने हे जगाला सांगितलं.

हे घडतं कसं? एरवी आपण चालतो तेव्हा पाय कसा उचलायचा, याचा विचार करत नाही. मेंदूच्या आत खोलवर असलेला बेसल गँग्लिया हा भाग ते काम परस्पर उरकतो. पार्किन्सन्समध्ये या भागाला लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरू लागतात, आणि हे आपोआप चालणं बिघडतं. पावलं आखूड पडतात, आणि दारात किंवा वळताना पाय जमिनीला खिळतात. पण डोळ्यांसमोर ओलांडायला काहीतरी असेल, तर पाऊल मुद्दाम टाकलं जातं, आणि त्यासाठी मेंदू वेगळी वाट धरतो असं मानतात. चालणं पुसलं गेलेलं नसतं, हेच मला विलक्षण वाटतं.

फिजिओथेरपिस्ट याचाच उपयोग करतात. फरशीवर पावला-पावलाच्या अंतराने ठळक रंगाच्या पट्ट्या चिकटवतात. त्या वाटेला आडव्याच हव्यात, उभ्या रेघांनी हे साधत नाही. कानांनाही अशी खूण चालते. 1996 मध्ये मायकेल थॉट यांच्या गटाने रुग्णांकडून तीन आठवडे ठेक्यावर चालण्याचा सराव करून घेतला, तेव्हा त्यांचा वेग सरासरी 25 टक्क्यांनी वाढला. तोल राखण्याचं कसब निराळं, त्याला निराळा सराव लागतो. 2012 मध्ये छापलेल्या 195 रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात सहा महिने ताई ची हा संथ हालचालींचा व्यायाम करणारे, नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले.

घरच्यांसाठी एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. पाय खिळले की हात धरून ओढू नका, तोल जातो. थांबू द्या. उभ्या जागी भार या पायावरून त्या पायावर घ्यायला सांगा. मग त्यांच्या पावलापुढे आपला पाय आडवा ठेवा आणि म्हणा, ‘हा ओलांडा.’