पहिला मेकअप घेताना वेष्टनाची मागची बाजू वाचा

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थानं. तिथल्या मराठी घरांत नवरात्र जवळ आलं की अकरा-बारा वर्षांच्या मुली लिपस्टिकसाठी आईच्या मागे लागतात. मग आजी म्हणते, "बाजारचं कशाला? घरचं काजळ घाल." मावशी म्हणते, "घ्यायचंच तर महागातलं घे." दोघींनाही मुलीची काळजी असते, पण दोन्ही सल्ल्यांवर विसंबून चालत नाही.

दिव्यावर धरलेलं घरचं काजळ म्हणजे तूप किंवा एरंडेल तेल आणि काजळी. काजळीचे कण डोळ्यात खुपतात आणि बोटाबरोबर जंतूही जातात. काजळाने डोळे मोठे होतात, हेही खरं नाही. सुट्टा सुरमा तर घरात आणूच नये. पारंपरिक सुरमा गॅलिना या खनिजाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा असतो. डोळा चोळलेला हात तोंडात जातो आणि शिसं पोटात. मुलांच्या वाढत्या मेंदूला ते घातक आहे. रक्तातल्या शिशाची सुरक्षित पातळी कुठलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सिंदुराचंही तसंच. हळदीपासून केलेलं कुंकू वेगळं आणि शिशाच्या लाल ऑक्साइडचा सिंदूर वेगळा. पुडीत दोन्ही लालच दिसतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्लीतून सिंदुराचे 118 नमुने घेतले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे 80 टक्के नमुन्यांत शिसं आढळलं. देवासच्या माता टेकडीच्या वाटेवर असो की धार जिल्ह्यातल्या भगोरिया हाटात, सुटी पूड मुलीच्या कपाळाला लावण्यासाठी घेऊ नये. टिकली लावायला हरकत नाही, पण काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो. त्वचेचा रंग फिकटू लागला की टिकली बंद करावी.

आता किमतीचं. कायदा महाग-स्वस्त असा भेद करत नाही. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वापरलेल्या रंगात शिसं दहा लाख भागांत 20 भागांपेक्षा जास्त आणि आर्सेनिक 2 भागांपेक्षा जास्त चालत नाही. पन्नास रुपयांच्या नेलपेंटलाही हे लागू आहे. जास्तीचे पैसे बहुतेकदा सुगंधाचे, डबीचे आणि जाहिरातीचे असतात. पाहायचं ते हे: उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी, वापराची मुदत. यातलं काही नसेल तर वस्तू दुकानात परत ठेवावी, मग ती पाचशेची का असेना.

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका लिपस्टिकचा नाहीच, तो गोरं करणाऱ्या क्रीमचा आहे. "सावळी आहे, आत्तापासून लाव" असं सांगत ते घरातलीच माणसं मुलीच्या हातात देतात. अशा काही क्रीममध्ये पारा सापडतो. अकोल्यात पार्लरमधून घेतलेलं क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाल्यावर त्यात पारा असल्याचं 2023 मध्ये पुढे आलं. केरळमधल्या मलप्पुरमच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांत विकाराचा एक विशिष्ट प्रकार निघाला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाचं क्रीम वापरलं होतं. मुलीचा रंग हा काही बरा करायचा आजार नव्हे. हे क्रीम घरात येऊच देऊ नका.

'हर्बल' लिहिलं म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच. झटपट चढणाऱ्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं आणि त्याने हातावर फोड येतात. खऱ्या मेंदीचा रंग काळाकुट्ट नसतो.

सुरुवातीला हलक्या रंगाचा लिप बाम आणि एक नेलपेंट पुरे. दोन्ही मिळून दोन-तीनशे रुपयांत भागतं. लिप बाम आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून पाहावा. गरब्याला मैत्रिणींत एकच लिपस्टिक फिरते, ती लावू नये, एवढं मुलीला आधीच बजावावं. झोपण्यापूर्वी सगळं धुऊन टाकावं. खाज सुटली किंवा डोळा लाल झाला, तर ती वस्तू वेष्टनासकट डॉक्टरांकडे न्यावी.