दोष नेहमी बॅटरीचाच नसतो

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीहून मोठ्या मोटारसायकलींवरील जीएसटी ४० टक्के झाल्यानंतर ज्यांनी नवी टूरिंग गाडी घेण्याचा विचार सोडून जुनीच सांभाळायचे ठरवले, त्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात: सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू येते आणि रेडिएटरचा पंखा थांबायचे नाव घेत नाही. पहिल्या तक्रारीवर गॅरेजमध्ये नवी बॅटरी बसवली जाते आणि दुसरीला उन्हाळ्याचे कारण दिले जाते. वस्तुतः या दोन्ही तक्रारी अनेकदा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

मोटारसायकलची वीज स्टेटर, म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या स्थिर कॉइलचे कडे, तयार करते आणि इंजिनाचे फेरे वाढतील तशी ती वाढते. रेग्युलेटर-रेक्टिफायर हा भाग तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून तिचा दाब आवरतो. इंजिन आयडलिंगवर असताना निर्मिती सर्वांत कमी असते, आणि नेमका त्याच वेळी, गाडीला वारा मिळत नसल्याने, पंखा सुरू होतो. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही. त्यात हौसेने ४० वॉटचे जादा दिवे लावले, तर आणखी तीन अँपिअरहून अधिक प्रवाह खर्च होतो. गणपतीच्या दिवसांत माणगावच्या कोंडीत तासभर अडकलेली अशी गाडी बॅटरी भरण्याऐवजी उपसत असते, हे मल्टिमीटर लावल्यावर लगेच कळते: चार-पाच हजार फेऱ्यांवर बॅटरीच्या टोकांशी साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत, आणि पंखा चालू असताना आयडलिंगचा आकडा १२.६ च्या खाली घसरला तर खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे. वरच्या फेऱ्यांवरही दाब चढत नसेल, तर बॅटरी बदलण्यापूर्वी रेग्युलेटरचा जोड उघडून पाहावा. तेथील तपकिरी पडलेले, वितळलेले प्लास्टिक बहुधा खरे कारण सांगते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरणे हा प्रकार मात्र वेगळा आहे. थेट बॅटरीला जोडलेला जीपीएस ट्रॅकर किंवा मोबाइलचा चार्जर २० मिलिअँपिअर ओढत असेल, तर दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास जातो आणि आठ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात निम्म्यावर येते. चावी काढून, ऋण टोकाची वायर सोडवून, तिच्यात आणि बॅटरीत मीटर जोडला की हा चोरटा प्रवाह दिसतो (मीटर जोडलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्युज उडतो). त्यानंतर एकेक फ्युज काढत गेल्यावर ज्या फ्युजला आकडा पडतो, तीच दोषी शाखा. या तपासणीला अर्धा तासही लागत नाही, तरीही ती क्वचितच होते, कारण बॅटरी विकणे तिच्याहून सोपे असते.

पंख्याच्या वागण्यातूनही निदान होते. इंजिन बंद केल्यावर तो काही मिनिटे फिरत राहणे, हे काही गाड्यांत रचनेचाच भाग आहे. थंड इंजिनावर चावी फिरवताच तो सुरू होत असेल, तर तापमापक सेन्सरची वायर तुटल्यामुळे नियंत्रण-संगणकाने सावधगिरी म्हणून तो लावलेला असतो, किंवा रिलेचे, म्हणजे विजेने चालणाऱ्या बटणाचे, संपर्क चिकटलेले असतात. मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाही तो फिरत असेल, तर चिखलाने बुजलेले रेडिएटर, कमी झालेले कूलंट किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट तपासावा.

लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एका स्वस्त भागाकडे पाहावे, तो म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका बारने जास्त राखते आणि त्यामुळे कूलंटचा उत्कलनबिंदू चढतो. सुमारे १९,००० फुटांवरील उमलिंग ला येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ असल्याने उघडे पाणी ८० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची रबरी कडा सैल पडली असेल, तर तेथे पाणी व ग्लायकॉलचे निम्मे-निम्मे मिश्रण ९० अंशांच्या आतच उकळू लागते, तर पंख्याला सुरू होण्यासाठी बहुतेक गाड्यांत सुमारे १०० अंश लागतात.